तुतीच्या मागे कुणी उभं नव्हतं

१

माझं काम तसं साधं आहे. गावात कुठे घरं बांधायची ठरली की नगरपालिका आधी मला पाठवते. हातात रंगाचे दोन डबे, खिशात रबरी हातोडी. निळा पट्टा ओढला की झाड राहिलं, लाल ओढला की गेलं. बुंध्यावर तीनदा ठोकायचं, कान लावायचा. आत पोकळ वाटलं तर शिडी लावून ढोलीत तारेच्या टोकावरचा बारका कॅमेरा सोडायचा, कुणी राहतंय का बघायचं आणि कागदावर तसं लिहायचं. घुबड, खार, वटवाघूळ, काहीही निघालं तर झाडाला हात लावायचा नाही. एकोणतीस वर्षं हेच करतेय. लोकांना वाटतं, यागोदाबाईंना झाडांची फार माया. माया कसली डोंबलाची! माया असती तर लाल डबा एव्हाना वाळून गेला असता.

तिसा नदीच्या काठी, रेशमाच्या जुन्या कारखान्यामागे एक बाग आहे. तिथे तीन इमारती उठायच्या होत्या. बरीचशी झाडं कडेकडेची, त्यांना मी निळे पट्टे ओढून मोकळी झाले. अडचण एकच होती. तिसरी इमारत जिथे यायची, बरोबर तिथे मधोमध एक म्हातारी तुती उभी होती. तिघांनी हात धरले तरी कवेत न येणारी, वाकडी, अंगभर गाठी. अकरा वर्षांत तिने एक फळ दिलं नव्हतं. दोन पुरुष उंचीवर ढोलीचं तोंड होतं.

आता खरं सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात पाहणीला गेले तेव्हा शिडी गाडीतच राहिली. गुडघा दुखत होता, हे खरं. पण त्याहून खरं हे की तिसऱ्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर माझ्या मुलीने, स्मिल्याने, ठरवून ठेवलं होतं. तिला पहिलं बाळ व्हायचं होतं, जावई ट्रक घेऊन महिनोन्महिने परदेशात, आणि आम्ही दोघी माझ्या दीड खोलीत एकमेकींच्या पायात येत होतो. मी खालूनच मान वर केली, ढोलीच्या तोंडाशी वाळकी पानं दिसली आणि कागदावर लिहून टाकलं, ‘ढोली रिकामी.’ लाल पट्टा ओढला, घरी गेले, राजम्याचं सूप प्याले आणि झोपले. झोपही लागली, हे विशेष.

तोडणी नऊ जानेवारीला ठरली. सहाला सकाळी, म्हणजे जुन्या पंचांगाने सातला येणाऱ्या आमच्या नाताळच्या आदल्या दिवशी, पुसट झालेला लाल पट्टा पुन्हा ओढायला मी बागेत गेले. घोट्याएवढं बर्फ होतं. बांधकामाचा मुकादम मोमिर माझ्याआधीच हजर. चाळिशीचा, धिप्पाड, तोंडाने फटकळ, पण माणूस वाईट नाही. त्याने मला गरम राकियाचा, आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला दिला.

“घ्या यागोदाताई, नाहीतर गोठून उभ्या राहाल आणि मला तुमच्यावरच पट्टा ओढावा लागेल.”

“ओढ की. निळा ओढ पण.”

“आज तर दिवसच आहे,” तो तुतीकडे हनुवटी करून म्हणाला. “विचारा म्हातारीला. नवस-सायास सगळं करून बघा, मग नऊ तारखेला आम्ही आहोतच.”

तो थट्टा करत होता. आमच्याकडे त्या दिवशी न फळणाऱ्या झाडाला दम देतात. एकजण कुऱ्हाड उगारून विचारतो, ‘देतेस का, तोडू?’ दुसरा झाडामागे लपलेला असतो, तो झाडाच्या वतीने म्हणतो, ‘नको तोडूस, देईन!’ असं तीनदा. मग सगळे हसतात आणि घरी जेवायला जातात. लहानपणी आमच्या नाशपतीमागे मीच उभी राहायचे.

मोमिरचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत फाटकाकडे गेला. त्याची कुऱ्हाड बुंध्याला टेकून उभी होती. काय डोक्यात आलं माझ्या, देव जाणे. मी ती उचलली आणि पात्याच्या पाठीने बुंध्यावर टक् केलं.

“देतेस का, तोडू?”

काही नाही. कारखान्याच्या छपरावरून थोडं बर्फ घसरलं. मला माझंच हसू आलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, चांगला आवाज चढवून.

“देतेस का, तोडू?”

“नको तोडूस,” झाडामागून कुणीतरी म्हणालं. “देईन.”

आवाज मोठा नव्हता. बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. गाढ झोपेतून हलवून उठवल्यावर माणूस जसं घोगरं बोलतं, तसा होता.

२

“कोण आहे रे तिकडे?” मी म्हटलं आणि तुतीला वळसा घातला.

पलीकडे बर्फ जसंच्या तसं होतं. एका पाखराच्या पायांचा बारीक टाका सोडला तर त्याला कुणी शिवलेलं नव्हतं. मोमिर फाटकाशी उभा राहून कुणाला तरी सिमेंटवरून झापत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. वारा नव्हता. राकिया अर्धा पेला, तेवढ्याने मला शिंकसुद्धा येत नाही. मग मी स्वतःला समजावलं की कारखान्याच्या भिंतीवरून माझाच आवाज परत आला. समजूत पटली, चांगली दहा पावलं पटली. मग लक्षात आलं की भिंत आवाज परत देते, शब्द बदलून देत नाही.

मोमिर आला तेव्हा मी त्याला सांगितलं की डब्यातला रंग गोठलाय, पट्टा आज होत नाही. रंग गोठला नव्हता.

घरी आले तर स्मिल्या टेबलाखाली रिवाजाप्रमाणे नाताळचं गवत पसरत होती. सात महिन्यांचं पोट घेऊन चार पायांवर.

“ऊठ तिथून! मी पसरते.”

“तू पसरलंस की सगळं एका कोपऱ्यात पडतं,” ती म्हणाली. “जा, राकिया काढ. आणि अक्रोड आण.”

सामानाच्या कोठीत माझ्या वडिलांचं छोटं पिंप आहे. तुतीच्या लाकडाचं, आमच्या भागात राकियाची पिंपं त्याचीच करतात. कोठीला खिडकी नाही, दिवा मिणमिणता. मी बाटली तोटीखाली धरून वाकले आणि पिंपाच्या आतून कुणीतरी ठोकलं. तीनदा. हळू, मोजून.

“देतेस का,” आतून आवाज आला, “तोडू?”

बाटली हातातून निसटली नाही एवढंच. तोच आवाज होता. झोपाळलेला, घोगरा. पण म्हणण्याची ढब माझी होती. मी सकाळी जसा शेवटचा शब्द ताणला होता, तसाच त्यानेही ताणला.

“आई,” बाहेरून स्मिल्या ओरडली, “कुणाला दम देतेयस?”

“मी?”

“‘देतेस का, तोडू’ म्हणालीस की आत्ता. कोठीत काय झाड उगवलंय?”

मी दाराशी येऊन तिच्याकडे पाहिलं. “तुला माझा आवाज ऐकू आला?”

“मग कुणाचा येणार?”

तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे मीच बोलले असणार. सकाळपासून ते शब्द डोक्यात घोळत होते, नकळत तोंडून निघाले. वय झालं की होतं असं. मी गवत पसरलं, एका कोपऱ्यातच पडलं, आणि जेवताना तीनदा पिंपाच्या दिशेला मान वळवली. कोठीचं दार मी खुर्ची लावून बंद केलं होतं.

३

नाताळच्या दुपारी अक्रोडाचा केक घेऊन मी पेर्सा आजींकडे गेले. बागेच्या कुंपणाला लागूनच त्यांचं बसकं घर आहे. वय शहाऐंशी, कानाने ठार बहिऱ्या, पण समोरच्याचे ओठ वाचून अशा बोलतात की नवख्या माणसाला कळतही नाही. वाद घालायचा नसला की तोंड फिरवून बसतात. मी गेले होते गप्पा मारायला, निदान तसं मी स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्या घासाला सगळं बोलून गेले.

“मागे कोण उभं होतं?” आजींनी विचारलं.

“कुणी नाही.”

“कुणी नाही? मग उत्तर कुणी दिलं?”

आजींनी ताटली खाली ठेवली.

“अगं कार्टे, जन्म झाडांत गेला तुझा आणि एवढं कळत नाही? मागे माणूस उभं करतात ते काय उगाच? हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस.”

“म्हणजे काय होतं, आजी?”

“मला काय माहीत काय होतं! आजवर कुणी एवढा मूर्खपणा केला असेल तर ना.” त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथून तुती सरळ दिसते. “आणि ते झाड तोडायला निघालात म्हणे. रिकामं आहे म्हणे.”

हे त्यांना कुणी सांगितलं असेल ते असो. मला मान वर करवेना.

“ऑगस्टमध्ये संध्याकाळी ये आणि बस माझ्यापाशी,” त्या म्हणाल्या. “त्या ढोलीतून धूर निघतो. काळा, अर्धा अर्धा तास. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आगीचा बंब बोलावला होता. हसले मेले माझ्यावर. वटवाघळं गं! शेकड्यांनी.”

“हिवाळ्यात जातात ती, आजी.”

“कुठे जातात? समुद्रावर हवा खायला? तू पाहिलंस जाताना?”

मी केकचे तुकडे सारखे करत बसले. थंडीत कितीतरी वटवाघळं ढोलीतच एकमेकांना बिलगून झोपून राहतात, हे मला शिकवायला आजींची गरज नव्हती. मीच ते नव्या पोरांना शिकवते. झोपेत असताना झाड पाडलं तर त्यांना जागं व्हायलाही वेळ मिळत नाही, हेसुद्धा मीच सांगते.

निघताना आजी दारापर्यंत आल्या आणि माझी बाही धरली.

“तीनदा विचारतात. तुला किती वेळा विचारून झालं?”

“एकदा.”

“मग दोन राहिले.”

“पुन्हा विचारलं तर मी काय सांगू?”

“तुला नाही सांगता यायचं, पोरी,” त्या म्हणाल्या. “ज्याला विचारतात त्याचं उत्तर दुसऱ्याने द्यायचं असतं.”

४

आठ तारखेला कचेरी उघडली. माझी खोली मागच्या बाजूला, लांब बोळाच्या टोकाला. एक टेबल, एक खिडकी आणि छताला भिडलेलं फायलींचं लाकडी कपाट. माझा नोव्हेंबरचा कागद त्याच कपाटात होता. मोमिर अकराला आला, तोडणीच्या परवान्यावर शिक्का हवा होता.

“मोमिर, दोन दिवस थांबलं तर?”

“थांबलं तर? यंत्र येतंय उद्या, करवतवाले चौघं येतायत.” त्याने परवाना माझ्यासमोर सरकवला, मागे माझ्या नोव्हेंबरच्या कागदाची नक्कल टाचलेली. “आणि अडचण काय आहे? ‘ढोली रिकामी’. सही कुणाची आहे ही?”

सही माझीच होती. चांगली वळणदार. मी शिक्का उचलला.

टक्. टक्. टक्.

“या!” मोमिर दाराकडे बघून म्हणाला. कुणी आलं नाही. त्याने उठून दार उघडलं, बोळात डोकावला. “गंमतच आहे. कुणी नाही.”

पण आवाज दारातून आलाच नव्हता. कपाटातून आला होता, फायलींच्या मागून. मोमिर बोळात मान घालून उभा असतानाच त्या फायलींमागून कुणीतरी अगदी जवळून, जांभई दाबल्यासारखं म्हणालं,

“देतेस का, तोडू?”

मोमिर परत वळला. त्याला ठोकणं ऐकू आलं होतं, शब्द नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून स्वच्छ कळत होतं.

“ताई, पांढऱ्या पडलात. पाणी देऊ?”

“नको. हे घे.” आणि मी शिक्का मारला. मारला, हो! त्याने लवकर जावं, खोली लवकर सोडता यावी, एवढ्यासाठी. स्वतःची एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. स्मिल्या पलंगावर डाव्या कुशीवर पडली होती, हात पोटावर.

“आई, घाबरू नकोस,” ती म्हणाली, आणि ती अशी म्हणाली की मी घाबरलेच. “सकाळपासून हललं नाहीये. डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, गोड खा, पडून राहा, तासाभरात हललं नाही तर या.”

देतेस का, तोडू. कपाटातला तो आवाज आठवला आणि मी भिंत धरली. मी तिला मधाचं पाणी दिलं, तिच्या पायाशी बसले आणि घड्याळाकडे पाठ केली. तो तास मला घालवता येईना. मग मी बोलायला लागले. आवाजाचं नाही सांगितलं. शिडीचं सांगितलं, गाडीत राहिलेल्या, आणि त्या दोन शब्दांचं.

“तू आत पाहिलंच नाहीस?” स्मिल्याने विचारलं.

“नाही.”

“मग लिहिलंस कसं?”

“तुझं घर होतं ना ते.”

ती कोपरावर उठली. “माझ्या नावावर नको ढकलूस, आई. रोज सकाळी माझ्या पोटाला हात लावून विचारतेस, झोपलंय का, उठलंय का. तिथे एकदा वर चढून बघवलं नाही तुला?”

मला रडू आलं. मी रडायला लागले तशी तीही रडायला लागली, आणि रडता रडताच एकदम थांबली. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. मग आणखी एक, चांगली सणसणीत.

“झोपलं होतं मेलं,” स्मिल्या नाक पुसत म्हणाली. “शिडी काढून ठेव दाराशी.”

५

नऊला सकाळी साडेसातला मी बागेत होते. उजाडत होतं. करवतवाले हात चोळत उभे, यंत्राचा पंजा तुतीच्या बाजूला टेकलेला. मोमिरने मला शिडी ओढत येताना पाहिलं आणि टोपी मागे सरकवली.

“हे काय आता?”

“दहा मिनिटं दे.”

“परवान्यावर शिक्का आहे!”

“माझाच आहे. दहा मिनिटं दे म्हटलं ना!”

माझा चेहरा बघून त्याने शिडी धरली. प्रत्येक पायरीला गुडघा बोंबलत होता. वर पोचून मी ढोलीच्या तोंडातली वाळकी पानं मुठीमुठीने बाहेर काढली. ती आपोआप साचलेली नव्हती. आतून कुणीतरी नीट लावून घेतल्यासारखी होती, देठ आत आणि पातं बाहेर. मी हातमोजा काढला, कॅमेऱ्याची तार आत सोडली आणि गळ्यात अडकवलेल्या त्याच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं.

आधी नुसता काळोख. मग तपकिरी मऊ लव. मग एक मिटलेला कान, एक नाक, दुमडलेला पंख. ओल्या छत्र्या मिटून एकावर एक रचाव्यात तशी ती बसली होती, खालपासून वरपर्यंत, भिंतच दिसेना. शेकड्यांनी. रिकामी म्हणे!

“काय आहे?” खालून मोमिर.

मी बोलणार होते. तेवढ्यात पडद्यावर ती सगळी गर्दी हळूहळू सरकली, कुणी कूस बदलली की पांघरूण सरकतं तशी, आणि तिच्यामागे मला पाठ दिसली.

पाठच होती. दुसरं काही म्हणता येईल का, यावर मी खूप विचार केलाय. रंग सालीचा होता, गाठीही होत्या, तेव्हा ते लाकूडच असेल असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण ती पाठ वर होत होती आणि खाली होत होती, फार सावकाश. खांद्यावर वटवाघळं बिलगलेली होती. मग खांद्यापलीकडे मान वळायला लागली. मी डोळे मिटले नाहीत, पडदाच वाफेने धुरकटला.

टक्. टक्. टक्. शिडीतून, थेट माझ्या तळपायांत.

“देतेस का,” ढोली म्हणाली, “तोडू?”

हा तिसरा. खाली एका करवतवाल्याने करवत गरम करायला म्हणून सुरू केली, ती गुरगुरायला लागली. मला फक्त एवढं कळत होतं की उत्तर मला देता येणार नाही, आणि माझ्यामागे कुणी उभं नाहीये.

“नको तोडूस!” झाडापलीकडून कुणीतरी किंचाळलं. “देईल ती! देईल!”

मी शिडीवरून पडलेच असते. मान वाकडी करून बघितलं तर तुतीच्या मागे, बर्फात, झोपायच्या झग्यावर कोट आणि पायांत रबरी बूट अशा पेर्सा आजी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी काठीवर भार टाकलेला, मान वर, नजर माझ्या चेहऱ्यावर.

करवत बंद पडली. कुणी बंद केली नव्हती, नंतर तो पोरगा तसं शपथेवर सांगत होता. आणि ढोलीतून माझ्या तोंडावर एक ऊबदार श्वास आला. त्याला पिकलेल्या तुतीचा वास होता. जानेवारीत.

मी खाली उतरले. पडदा पुसून मोमिरला त्यावर टिपलेलं चित्र दाखवलं, वटवाघळांचं. मागे काही आहे का ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने पडदा डोळ्यांजवळ ओढला.

“एवढी?” तो म्हणाला.

“एवढी.”

“आणि आपण ही...” त्याने वाक्य सोडून दिलं आणि करवतवाल्यांना हात केला. “आवरा रे. नाही व्हायचं आज.” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “ताई, तिसरी इमारत गेली म्हणजे. मुलीचं घर?”

“तेही गेलं,” मी म्हटलं. परवान्यावर मी आडवी रेघ ओढली, मागे टाचलेल्या नकलेवर ‘ढोली रिकामी’ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘पाहणी न करता लिहिलं होतं. ढोली भरलेली आहे.’ सही केली. या वेळी ती वळणदार नाही आली.

आजींना घरी सोडताना मी त्यांचे हात माझ्या हातांत घट्ट धरले होते.

“आजी, तुम्हालाही ऐकू आलं?”

“बहिरी आहे मी. मला काय ऐकू येणार?” त्या वैतागून म्हणाल्या. “तुझा चेहरा बघत होते खिडकीतून. म्हटलं, हिच्या मागे उभं राहायला कुणीतरी हवं. चहा टाक आता, पाय गोठले माझे.”

६

मला लेखी समज मिळाली, ती मिळायलाच हवी होती. एप्रिलपर्यंत बागेत यंत्र आलं नाही. मग तुतीच्या फांद्या जिथवर पोचतात तिथवर कुंपण पडलं, मुळांवर खडी टाकायला बंदी झाली, त्या बाजूचे दिवे मंद आणि पिवळे ठरले. तिसरी इमारत रद्द होईल असं सगळे म्हणत होते. ती रस्त्याकडे सरकली आणि एका मजल्याने बुटकी झाली. स्मिल्याचं घर त्या गेलेल्या मजल्यात गेलं. दुसऱ्या इमारतीत तिला तळमजल्यावरचं मिळालं, लहान आहे, सज्जा नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर निळ्या पट्ट्याची एक नाशपती आहे. मार्चमध्ये नात झाली. फार रडते. मला फार आवडते.

आणि जूनमध्ये तुतीने दिलं. अकरा वर्षांचं एकदम दिल्यासारखं. पांढऱ्या फळांचा कुंपणाबाहेरपर्यंत सडा पडला होता, ती मजुरांच्या बुटांना चिकटून सगळ्या जिन्यांवर गेली. पेर्सा आजी परात घेऊन बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडायच्या, तुडवू नका मेल्यांनो, खा! संध्याकाळी ढोलीतून धूर निघाला की मोमिर शिट्टी मारून काम थांबवायचा. सगळे मान वर करून उभे राहायचे.

पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी स्मिल्याने हट्ट धरला. तिच्या खिडकीतल्या नाशपतीने काही दिलं नव्हतं, तिला विचारायचंच होतं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, मागे माणूस उभं करते ना, मग झालं तर. मोमिर तिसऱ्या इमारतीतल्या लोकांना चाव्या द्यायला आला होता, त्यालाच पकडलं. लख्ख ऊन होतं. तो कुरकुरत झाडामागे गेला. मी नातीला कडेवर घेऊन बाजूला उभी राहिले.

“देतेस का, तोडू?” स्मिल्या लाकडं फोडायची कुऱ्हाड नाचवत म्हणाली.

“नको तोडूस, देईन!” मोमिर जाड आवाजात.

दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा स्मिल्याने विचारलं आणि झाडामागून उत्तर आलं, “नको तोडूस. देईन.” हळू, घोगरं, झोपेतून उठल्यासारखं. स्मिल्या खदाखदा हसली. “वा, मोमिरभाऊ! नाटकात जा!” नात हसली आणि झाडाकडे दोन्ही हात पसरले.

मोमिर बाहेर आला. टोपी त्याच्या हातात होती, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तो माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला, स्मिल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

“यागोदाताई,” तो म्हणाला, “शेवटचं मी नाही बोललो. मी तोंड उघडत होतो, तेवढ्यात माझ्या शेजारून... खांद्याला खांदा लागला माझ्या.”

मी नाशपतीकडे पाहिलं. नात अजून हात पसरून होती, झाडामागच्या कुणाला तरी बघून हसत होती. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली.

“घाबरू नकोस,” मी मोमिरला म्हटलं. “आपल्याच बाजूने उभं आहे ते.”